विसार देण्यापूर्वी घराची तपासणी

आपल्या वडीलधाऱ्या पिढीतील बहुतेकांनी रेल्वे, गोदी, गिरण्या, महानगरपालिका आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी केली आणि आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत काढले. कोणी चाळीत राहिले, कोणी झोपडपट्टीत, तर कोणी खात्याने दिलेल्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीचा दिवस जवळ आला की क्वार्टर सोडण्याची नोटीस हाती पडे, आणि मग प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन घरातील कर्ता पुरुष कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या बाजूला घर शोधू लागे. पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली, आता पतीपत्नी दोघेही कमावतात. परंतु घर शोधण्याची दिशा बहुतांशी तीच आहे आणि शोधण्याची पद्धतही तीच आहे. एजंट किल्ली घेऊन येतो, दिवाणखान्यातले ट्यूबलाइट लावतो, खिडकी उघडून "हवा बघा" म्हणतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते सांगतो. पंधरा मिनिटांत घर पसंत होते. कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून पाहणारी आपली माणसे आयुष्याची पुंजी गुंतवताना भिंतीला साधा हातही लावून पाहत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे बँकेत कारकून आहे आणि त्यातील बराच काळ गृहकर्जाच्या टेबलावर गेला आहे. मी इंजिनिअर नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे या लेखात लोखंड-सिमेंटविषयी जे येईल ते जाणकारांकडून समजून घेतलेले आहे. मात्र कर्जाच्या कागदांविषयी जे लिहीत आहे ते रोजच्या कामातले आहे.

इंग्लंड-अमेरिकेत घर घेणारा माणूस सौदा पक्का करण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने एक स्वतंत्र तपासनीस नेमतो. तो माणूस छपरापासून गटारापर्यंत घर पाहतो आणि लेखी अहवाल देतो. आपल्याकडे ही रीत रुजलेली नाही. कायद्याने ती सक्तीची नाही, हे खरे. पण कायद्याचा रोख कोणीकडे आहे हे पाहण्यासारखे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ असे सांगते की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. याची दुसरी बाजू अशी की, जो दोष साधी काळजी घेतली असती तर दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. म्हणजे बघण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. "मला कोणी सांगितले नाही" हे वाक्य घराच्या व्यवहारात फार दुबळे आहे.

बँकेने पाहिले म्हणजे झाले का?

आमच्या टेबलासमोर बसणाऱ्या दहांपैकी आठ माणसांची ठाम समजूत असते की, बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर चांगलेच असणार. बँक काय आपले पैसे पाण्यात घालील? ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच घातक आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने सांगतो.

कर्जाचा अर्ज आला की बँक दोन माणसांना कामाला लावते. एक वकील, जो मागील साधारण तीस वर्षांच्या नोंदी पाहून मालकी हक्काचा शोध घेतो. दुसरा मूल्यमापक, ज्याला आपण व्हॅल्युअर म्हणतो. दोघांचीही फी ग्राहकाच्या खिशातून जाते, म्हणून ग्राहकाला वाटते की ही माणसे आपली. ती बँकेची असतात. उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे वसूल होतील काय, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. व्हॅल्युअर घरात येतो, टेप लावून मोजमाप घेतो, चार फोटो काढतो, आजूबाजूचा भाव विचारतो आणि जातो. नळ सोडून बघणे, संडासाच्या वरचा स्लॅब बघणे, गच्चीवर चढणे हे त्याच्या कामात बसत नाही. तसा त्याचा दोषही नाही. त्याला ते सांगितलेलेच नसते.

त्याच्या अहवालात "इमारतीचे उर्वरित आयुष्य" असा एक रकाना असतो. ग्राहक तो वाचतो आणि निर्धास्त होतो. तो आकडा येतो कसा? बहुधा आर.सी.सी. इमारतीचे एकूण आयुष्य साठ वर्षे धरायचे आणि त्यातून इमारतीचे वय वजा करायचे. इमारत पंचवीस वर्षांची असेल तर उर्वरित आयुष्य पस्तीस. ही वजाबाकी आहे, तपासणी नव्हे. त्याच गल्लीतील दोन इमारती एकाच वर्षी बांधलेल्या असतात. एकीची गच्ची दर चारपाच वर्षांनी दुरुस्त झालेली असते, दुसरीच्या गच्चीत पिंपळ उगवलेला असतो. वजाबाकीत दोघींचे आयुष्य सारखेच येते.

आमच्या शाखेतील एका ग्राहकाची हकिगत सांगतो. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलाच्या नावावर कर्ज. कल्याण पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतले. व्हॅल्युअरचा अहवाल "समाधानकारक". दीड वर्षाच्या आत पालिकेची नोटीस आली : इमारत अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. काका पासबुक घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "साहेब, बिल्डिंग खाली केली, आता हप्ता थांबेल ना?" हप्ता थांबत नाही. कर्ज घरावर असले तरी देणे माणसाचे असते. त्या दिवसापासून त्यांच्या घरात हप्ता आणि भाड्याच्या खोलीचे भाडे असे दोन खर्च सुरू झाले. त्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट खरेदीच्या आधीच झालेले होते आणि अहवाल सोसायटीच्या कपाटात होता. तो मागावा असे कोणालाच सुचले नव्हते.

आकडेमोड करून पाहा. तीस लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे सव्वीस हजार येतो आणि वीस वर्षांत एकूण बासष्ट लाखांहून अधिक रक्कम भरली जाते. घेताना इमारत तीस वर्षांची असेल तर शेवटचा हप्ता फेडेपर्यंत ती पन्नास वर्षांची होईल. तोवर ती उभी राहणार का, हा प्रश्न बँकेपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे.

कागदांची तपासणी

ठाणे जिल्ह्यात घराची तपासणी भिंतीपासून सुरू करून चालत नाही, कारण इथे भक्कम भिंतीमागेही कागद पोकळ असू शकतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे वनजमिनीवर बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले होते.

परंतु अलीकडचे डोंबिवलीचे प्रकरण सुशिक्षित माणसाने अधिक बारकाईने समजून घ्यावे असे आहे. तेथे ६५ इमारतींच्या बाबतीत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या, आणि त्या बनावट कागदांच्या आधारे चक्क महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवण्यात आला. महारेराचा क्रमांक पाहून लोकांनी घरे घेतली, त्यावर गृहकर्जेही झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. या लोकांना अडाणी म्हणता येणार नाही. त्यांनी कागद मागितले होते, कागद पाहिले होते. फक्त तो कागद ज्या कचेरीतून निघाला असे सांगितले गेले, त्या कचेरीत जाऊन त्यांनी विचारले नव्हते.

म्हणून पहिला नियम असा धरावा की, बिल्डरने किंवा एजंटने दिलेली झेरॉक्स हा पुरावा नव्हे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओ.सी. म्हणतात ते, यांच्यावरील जावक क्रमांक व तारीख लिहून घ्यावी आणि पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती पडताळावी. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहेच. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. घर तीस दिवस थांबत नाही, दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाईल, असा धाक एजंट घालतो. घालू द्यावा.

दुसरे, घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल यांना लोक फार मान देतात. "पालिका टॅक्स घेते म्हणजे बिल्डिंग लीगल" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. पालिका बेकायदा बांधकामाकडूनही कर घेते, एवढेच नव्हे तर त्यावर शास्तीही लावते. कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. कल्याणजवळच्या २७ गावांत याचा आणखी एक प्रकार आढळतो. ही गावे पालिकेतून वगळली गेली होती आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मधल्या काळातील पुष्कळ इमारतींचे लोक ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवतात. तो उतारा म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे.

इंडेक्स टू, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की नाही म्हणजे कन्व्हेयन्स, या गोष्टी चांगला वकील पाहतोच. त्यावर इथे जागा घालवत नाही. फक्त तो वकील आपण निवडलेला असावा, एजंटचा मेहुणा नसावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती जरूर पाहावी. रेरा कायदा २०१६ चा, आणि त्याचा मोठा उपयोग आहे. नव्या इमारतीत करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावे लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. पण नोंदणी क्रमांक हा शेवट नव्हे, तेथून चौकशीची सुरुवात होते, हे डोंबिवलीने शिकवले आहे.

आणखी एक यादी असते, जी फुकट बघायला मिळते आणि जवळजवळ कोणी बघत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक व अतिधोकादायक इमारतींची प्रभागवार यादी जाहीर करतात. त्यातील श्रेणी अशा : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रहिवासी ठेवून दुरुस्त करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपल्याला दाखवलेली इमारत या यादीत आहे काय, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याच्या अंतराने ठाकुर्ली आणि नौपाडा येथे जुन्या इमारती माणसांसकट कोसळल्या, हे ठाणेकर विसरलेले नाहीत.

भिंत काय सांगते

आता प्रत्यक्ष इमारतीकडे वळू. आपल्या भागातील इमारती लवकर का खचतात, याचे कारण एकदा समजले की काय बघायचे ते आपोआप कळते.

आर.सी.सी. म्हणजे सिमेंट काँक्रीट आणि त्यातील लोखंडी सळई. काँक्रीट दाब सोसते, सळई ताण सोसते. दोघांनी मिळून ओझे पेलायचे. काँक्रीट ताजे असते तेव्हा अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होऊन ती गंजत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड बाहेरून हळूहळू आत झिरपतो आणि काँक्रीटचा अल्कपणा घालवतो. क्षार आत गेले तर ते या थराला थेट भोक पाडतात. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. खाडीची खारी, दमट हवा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे, आणि जुन्या काळी बांधकामाला खाडीची रेती सर्रास वापरली जाई. ठाण्याकल्याणकडची "रेतीबंदर" ही नावे त्याची साक्ष आहेत. ती रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच सळईच्या शेजारी जाऊन बसते.

सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. काँक्रीट आतून फुगते, ताण सोसण्याची ताकद त्यात नसते, म्हणून सळईच्या रेषेने तडा जातो. तड्यातून पाणी शिरते, गंज वाढतो, आणि एके दिवशी स्लॅबचा पापुद्रा खाली पडून उघडी लाल सळई दिसू लागते. पापुद्रा पडण्यापूर्वी इमारत अनेक वर्षे सांगत असते, ऐकणारा पाहिजे.

म्हणून फ्लॅट पाहण्यापूर्वी पार्किंग पाहा. सगळ्या इमारतीचे ओझे तळमजल्याच्या कॉलमवर असते आणि तिथे रंगरंगोटी कमी असते. कॉलमवर उभा, सरळ रेषेत जाणारा तडा, तपकिरी डाग, कोपऱ्याचा फुटलेला गिलावा ही गंजाची खूण आहे. एखादाच कॉलम इतरांपेक्षा जाड दिसला तर त्याला जॅकेटिंग केले आहे. ते का करावे लागले ते विचारा. तळमजल्यावर दुकान, दवाखाना, बँक असेल तर आतील भिंत किंवा कॉलम तोडून जागा मोठी केली आहे का ते पाहा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे इमारत कोसळून १७ माणसे मेली. तेथे तळमजल्यावर अशाच फेरफाराचे काम चालले होते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याचा जीव तळमजल्याच्या गाळेवाल्याच्या हातात असतो.

त्यानंतर गच्चीवर जा. लिफ्ट असली तरी एकदा जिन्याने चढा, कारण जिन्याच्या स्लॅबखाली कोणी पी.ओ.पी. करत नाही. गच्चीत पाणी साचल्याच्या काळ्या खुणा, टाकीखालच्या बीमला गळती, कठड्यातून उगवलेले पिंपळाचे रोप या सगळ्यांचा जमाखर्च वरच्या मजल्याच्या घरात मांडला जातो. इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे संडास-बाथरूमचे पाइप उतरतात, तिथेही उभे राहून वर बघा. दर्शनी बाजू सगळेच रंगवतात.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर दिवाणखान्यात वेळ घालवू नका. बाथरूम आणि मोरी यांच्या पाठची भिंत, म्हणजे बहुधा बेडरूमची, तिला तळहात लावा. ओल असेल तर गार लागते. पांढरी भुकटी आणि पोपडे दिसतात. घरातील एकाच भिंतीला ताजा रंग किंवा नवा कागद लावलेला असेल तर तीच भिंत अधिक बघा. फॉल्स सीलिंग असेल तर दिव्याची चकती काढून आतला स्लॅब टॉर्चने पाहू द्या म्हणून विनंती करा. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही. माळ्यावर चढून बघा, तिथे रंगारी पोहोचत नाही. फरशीवर रुपयाच्या नाण्याने ठोका. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की दाराकडे, ते बघा. मग खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवा आणि नम्रपणे विचारा, "ताई, वरून काही गळते का?" या एका प्रश्नाला जेवढे खरे उत्तर मिळते तेवढे दुसऱ्या कशालाही मिळत नाही.

तडे सगळेच घाबरण्यासारखे नसतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात, त्या वरवरच्या. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी फट साधारणतः दोन वेगळ्या वस्तूंच्या जोडाची असते. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा, आणि तोही एकाखाली एक अशा मजल्यांवर सारखाच, हा पाया खचल्याचा संशय देतो. बीमच्या मधोमध किंवा कॉलमजवळ तडा असेल तर आपले शहाणपण बाजूला ठेवून इंजिनिअरला बोलवावे.

घर बघण्याचा उत्तम काळ कोणता? जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट. दसरा-दिवाळीला घर घेण्याची आपली रीत आहे, आणि नेमकी त्याच वेळी भिंती वाळलेल्या व रंगवलेल्या असतात. पावसात छत्री घेऊन गेलात तर भिंतीबरोबर रस्ताही दिसतो. २६ जुलै २००५ रोजी येथे पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. तो बोटाने भिंतीवर खूण दाखवतो. वालधुनीच्या काठच्या वस्त्यांना आणि उल्हास नदीच्या बाजूच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. नदीजवळच्या जागेसाठी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नगररचना विभागात विचारता येते. पहिली साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाणीपुरवठ्याची चौकशी मात्र मे महिन्यात करावी.

आपल्या डोळ्यांना दिसते ते एवढे. पुढचे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. पालिकेकडे नोंदणीकृत इंजिनिअरांची यादी असते, त्यातून निवडावा आणि फी आपण द्यावी. फी काही हजारांत जाते. एजंटची दलाली तिच्या कितीतरी पट असते आणि ती देताना कोणी कुरकुर करत नाही. जुन्या इमारतीत त्याच्याकडून सोसायटीचा ऑडिट अहवाल वाचून घ्यावा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. तीस वर्षांनंतर महापालिकेला स्थैर्य प्रमाणपत्र देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. विक्रेता सोसायटीचा सभासद असतो, त्याला दप्तर पाहण्याचा हक्क आहे. त्याच्यामार्फत अहवालाची प्रत मागावी. "ऑडिट झालेले आहे" या उत्तरावर समाधान मानू नये. अहवालात कोणती दुरुस्ती सांगितली, ती झाली का, आणि झाली नसेल तर प्रत्येक सभासदाच्या वाट्याला किती वर्गणी येणार, हे तीन प्रश्न विचारावेत. "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, इमारत कशीही असली तरी काय फरक पडतो" असे एजंट सांगतो. कन्व्हेयन्स नाही, मंजुरी नाही, सभासदांत एकी नाही अशा सोसायट्या वर्षानुवर्षे "जाणार" याच अवस्थेत असतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. ऑडिटमध्ये काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर जे द्रव शिंपडतात ते तुमच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीनच असते. गुलाबी झाले तर काँक्रीटचा अल्कपणा शाबूत. रंगहीन राहिले तर कार्बन डायऑक्साइड तिथवर पोहोचला आहे. तसेच काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. वेग जास्त असेल तर काँक्रीट चांगले, फार कमी असेल तर संशयास्पद. आईवडिलांना इंग्रजीतील अहवाल वाचता येत नसेल तर तो त्यांना समजावून सांगण्याचे काम तुमचे आहे. घराघरांतून आता डिप्लोमा इंजिनिअर आहेत; संस्थेच्या सभासदांनी घर पाहायला जाताना त्यांतील एखाद्याला सोबत न्यायला काहीच हरकत नाही. मात्र तो नोंदणीकृत इंजिनिअरला पर्याय नाही.

हे सर्व विसार देण्यापूर्वी व्हावे, नंतर नव्हे. तरीही घाईने काही रक्कम द्यावीच लागली तर ती अल्प असावी, चेकने द्यावी, आणि पावतीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात : भोगवटा प्रमाणपत्राची पडताळणी, ऑडिट अहवाल आणि खरेदीदाराच्या इंजिनिअरची पाहणी समाधानकारक न आढळल्यास ही रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. या ओळी लिहून द्यायला जो तयार नाही त्याने आपले उत्तर देऊन टाकलेलेच आहे.

नव्या इमारतीत ताबा घेतानाही हीच पाहणी करावी आणि दोषांची यादी लेखी देऊन बिल्डरची पोच घ्यावी. कोरे ताबापत्र सही करून देऊ नये. पाच वर्षांच्या जबाबदारीचा हिशेब त्या तारखेपासून चालतो. म्हाडाच्या सोडतीतील घरालाही दारे, नळ, गळती बघितल्याशिवाय किल्ली घेऊ नये.

घर ताब्यात आले की पहिले काम निघते ते लादी बदलण्याचे. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि एकेक मजला भेदत तळापर्यंत गेला; सहा माणसे दगावली. उल्हासनगरला २०२१ च्या मे महिन्यात असेच झाले होते. वरचा स्लॅब आदळला तर तो झेलण्याइतकी ताकद खालच्या स्लॅबमध्ये ठेवलेलीच नसते, म्हणून एक पडला की सगळे पडतात. जुन्या लादीवर वाळू-सिमेंटचा थर देऊन नवी लादी बसवणारा मिस्त्री स्वस्तात काम करतो, पण त्या थराचे वजन स्लॅबवर कायमचे राहते. जुनी लादी काढायची असेल तर हातोडा-छिन्नीने, कंप करणारे मशीन न लावता काढावी. राडारोड्याचा ढीग खोलीच्या मधोमध न ठेवता रोजच्या रोज खाली उतरवावा. आणि काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र देऊन त्याच इंजिनिअरला एकदा स्लॅब दाखवावा, ज्याने घर घेताना तो पाहिला होता.